दहा हजार आठ फरश्या

१

मला वाटलं होतं, माणसं माझी वाट बघत असतील. लांबच्या देशात, परक्या थंडीत, मी सहा वर्षं फक्त संख्यांचा अभ्यास केला होता. परतीच्या प्रवासात पहिल्या दिवसाचं भाषण मनातल्या मनात घोटत होते. मोफत गणितशाळा, खुला दरवाजा, फळ्याभोवती उभी मुलं, मागच्या बाकांवर त्यांच्या आयाही. नगरपालिकेनं टपालखात्याचा बंद पडलेला हॉल शाळेसाठी दिला होता. ते पत्र मी इतकं वाचलं होतं की घडीवर फाटलं होतं.

प्रत्यक्षात मिळाला एक कुलूपबंद हॉल, त्याला लागून दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत राहणारा माझा मामा.

आई गेल्यावर मामानंच मला वाढवलं. तो याच हॉलमध्ये सॉर्टर होता. पत्रं खणाखणांत टाकण्याचं काम त्यानं उभी हयात केलं. छाननीचं काम दुसरीकडे गेलं, माणसं गेली, लाकडी खणसुद्धा कुणीतरी उचलून नेले. मामा मात्र राखणदार म्हणून तिथंच राहिला. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं की म्हणायचा, "पत्ता सापडला नाही."

मी आले त्या दिवशी त्यानं माझी बॅग उचलली, वजनानं वाकला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, आकडे एवढे जड असतात होय?"

शाळेत नाव घालायला त्या आठवड्यात कुणीही आलं नाही.

२

पोरं येईनात, म्हणून मीच त्यांच्याकडे जायचं ठरवलं. बाजाराजवळच्या मैदानावर पालकांची सभा बोलावली. सभेत दाखवायला काहीतरी हवं होतं. डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल असं गणित.

ते माझ्या पायाखालीच होतं. हॉलची जमीन तळहाताएवढ्या चौकोनी फरश्यांची होती. रुंदीला बहात्तर, लांबीला एकशे एकोणचाळीस. एकूण दहा हजार आठ. मी कागदावर विभाजक मांडत गेले आणि हरखून गेले. या संख्येला चोवीस विभाजक आहेत. म्हणजे याच फरश्या वापरून बारा वेगवेगळे आयत बनतात. छत्तीस बाय दोनशे अठ्ठ्याहत्तर, चोवीस बाय चारशे सतरा, असे. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली, तर ती या संख्येपेक्षाही मोठी निघते. अशा संख्येला विपुल म्हणतात. गोतावळ्याची संख्या.

खरी गंमत तिच्या शेजाऱ्यांची. एक फरशी काढा, दहा हजार सात उरतात. ती मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांच्याखेरीज तिला कशानंही भाग जात नाही. एक फरशी जास्त घाला, दहा हजार नऊ. तीही मूळच. अशा दोघींना जोडमूळ म्हणतात. मूळ संख्येइतक्या फरश्यांचा हॉल बांधता येत नाही. त्यांचा एकच आयत होतो: एक फरशी रुंद आणि जेवढ्या आहेत तेवढी लांब. खोली म्हणून काही उरत नाही, फक्त एक चिंचोळी वाट.

हॉलच्या दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, पहिल्याच ओळीत एक फरशी सुटी होती. रोज केर काढून बाहेर येताना मामा तिच्यावर टाच दाबायचा आणि म्हणायचा, "बसली." मी ती पट्टीनं उचकटली आणि पिशवीत टाकली.

सभेला अकरा माणसं आली. मी फरशी उंच धरून बोलले. कुठलीही संख्या एकटी नसते, प्रत्येकीची नाती असतात, ती शोधायला मी तुमच्या मुलांना शिकवीन, असं बरंच काही. एकानं विचारलं, यातून नोकरी लागते का? दुसरा म्हणाला, बाईंनी लादी बसवायचे वर्ग काढलेत, लागेल. सगळे हसले. मीही हसले. पण उठताना सात जणांनी मुलांची नावं दिली. सोमवारी शाळा उघडायची ठरली.

३

घरी आल्यावर मामानं आधी दाराशी जाऊन तो खड्डा बघितला.

"ती बसवून टाक हं," तो म्हणाला.

मी सांगितलं की सोमवारी सगळ्यांत लहान मुलाच्या हातून बसवायची आहे, त्यातच पहिला धडा आहे. "आमच्यात एक होतं," तो म्हणाला. "खणातनं काही उचललं, तर ते जागी ठेवल्याशिवाय स्टुलावरनं उठायचं नाही. मग आग लागो." मी म्हटलं, मामा, ही फरशी आहे, रजिस्टर पत्र नव्हे. तो हसला आणि त्यानं विषय सोडला. फरशी मी माझ्या खिडकीत ठेवली, कागद उडू नयेत म्हणून.

माझी खोली आणि हॉल यांच्यामध्ये फक्त एक भिंत. रोज चारच्या सुमाराला मामा चपला दाराबाहेर काढून आत जायचा आणि पुढून मागच्या भिंतीपर्यंत झाडत जायचा. तो आवाज ऐकत मी लहानपणी गृहपाठ केला होता. खराट्याचे फटके, मागच्या भिंतीशी जरा थांबणं, मग परतीचे फटके. आता मी धडे लिहीत बसायचे आणि तो आवाज सोबतीला असायचा.

सभेच्या दुसऱ्या दिवशी फटके लांब गेले, आणि थांबायच्या जागी थांबले नाहीत. अजून लांब गेले. मी मान वर केली. आवाज बारीक होत होता, रस्त्याच्या टोकाला कुणी झाडत असावं तसा. मग ऐकूच येईना.

हॉल रिकामा आहे, मी स्वतःला समजावलं. खण काढल्यावर आवाज वेगळा घुमणार. दुपारची हवा, ओल धरलेल्या भिंती, वर मी उपाशी. कारणं पुष्कळ होती आणि सगळी बरी होती.

दिवेलागणीला मामा बाहेर आला. हातातली केराची सुपली शिगोशीग भरली होती.

"एवढा केर?" मी विचारलं.

"हल्ली हॉल झाडायला वेळच लागतो," तो खांदे चोळत म्हणाला. "वय झालं गं."

४

समोर राहणारे कंपाउंडर हे मामाचे एकुलते एक मित्र. दवाखान्यातून निवृत्त झाले तरी सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणत. संध्याकाळी दोघं बुद्धिबळ खेळायचे, आणि डावापेक्षा टोमणेच जास्त चालायचे. त्या आठवड्यात मामा डावाला उशिरा येऊ लागला. कंपाउंडर मला म्हणायचे, "टपालातला माणूस आहे. उशिरा का होईना, पोचतो."

बाकं कुठं मांडायची ते ठरवायला एकदा मी त्यांना हॉलमध्ये घेऊन गेले. आम्ही दोघं मधोमध उभे राहिलो. हॉल होता तसाच होता. चार कोपरे, उंच खिडक्या, स्वच्छ जमीन. मी मुद्दाम टाळी वाजवली. आवाज मागच्या भिंतीवर आपटून सरळ परत आला. माझा जीव भांड्यात पडला.

"तुझा मामा इथं एवढा वेळ काय करतो?" कंपाउंडर म्हणाले.

त्या रात्री जेवताना मी मामालाच विचारलं. त्याचं लक्ष ताटात नव्हतं. तो म्हणाला, "पूर्वी इथं साठ माणसं असायची. खोकणारी, भांडणारी, गाणारी. सगळे गेल्यावरही मला कधी एकटं वाटलं नाही. तू तिकडं होतीस तेव्हाही नाही." त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. "हल्ली मात्र आत गेलो की कुणी नसतं. अगदीच कुणी नसतं."

मी म्हटलं, सोमवारपासून सात पोरं येतायत, तूच कान धरून बाहेर काढशील त्यांना. त्यानं मान डोलावली. माझा चेहरा तो जरा जास्तच वेळ बघत राहिला, अक्षर न लागणाऱ्या पाकिटाकडे बघावं तसा.

मी त्याला आत जाऊ नको म्हणायला हवं होतं. पण काय कारण सांगणार होते? जमिनीतली एक फरशी काढली, तर हॉल हा खड्डा पडलेला हॉल होतो, एवढंच. आपल्या फरश्या मूळ संख्येइतक्या झाल्या हे हॉलला कळत नाही. खोलीला गणित येत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पटवून देऊ शकले असते.

५

रविवारी बाकं येणार होती, ती आली नाहीत. सुताराचा निरोप आला, सोमवारी सकाळी आणतो. मामा म्हणाला, बरंच झालं, शेवटचा हात फिरवून घेतो.

मी माझ्या खोलीत बसून मुलांसाठी पुठ्ठ्याचे चौकोन कापत होते. फटके लांब गेले, बारीक झाले, विरले. मी कात्री खाली ठेवली. ऊन भिंतीवरून सरकत गेलं आणि विझलं. परतीचे फटके येईनात.

मी बाहेर येऊन हॉलच्या दाराशी उभी राहिले. मामाच्या चपला तिथं होत्या, टाचेकडे झिजलेल्या, एकमेकींना चिकटून. दार लोटलेलं होतं. मी ते ओढलं.

चौकट नेहमीचीच होती. पण डाव्या अंगानं भिंत आली होती आणि उजव्या अंगानंही. दोन्हींमध्ये तळहाताएवढी फट होती, जमिनीपासून छतापर्यंत. उंबऱ्याशी फरशीचा काळा खड्डा. त्याच्या पुढं एक फरशी, तिच्या पुढं एक, तिच्या पुढं एक. सांधे जवळ जवळ येत शेवटी एकच राखाडी रेघ होत होती. उजेड कुठून येत होता, माहीत नाही. आतून वारा येत नव्हता, वासही नाही.

खूप लांब काहीतरी पांढुरकं हलत होतं. मामाचा सदरा. जाड पुस्तकात विसरलेल्या कागदासारखा तो त्या भिंतींमध्ये होता, आणि झाडत होता. मी हाक मारली. खराटा थांबला.

चेहरा माझ्याकडे वळवायला त्याला जागा नव्हती.

मी श्वास घेतला, सोडला, आणि तेव्हा कुठं त्याचा आवाज पोचला. नेहमीचा, शांत, जरा थकलेला.

"ओ."

६

मी खिडकीतली फरशी घेऊन धावत आले. हात घामानं ओले होते. उंबऱ्यापाशी ती निसटली, चौकटीच्या दगडावर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. सरळ, मधोमध, जणू कुणी पट्टी ठेवून कापले.

मी गुडघ्यांवर बसले. समोर बघायचं नाही, एवढं मनाशी धरलं. दोन्ही तुकडे खड्ड्यात ठेवले. ते असे बसले की मध्ये केसाएवढीही रेघ राहिली नाही. मी तळव्यानं दाबले. "बसली," मीच म्हटलं, आणि मामाला हाक मारली.

ओ आली. पण समोरून नाही. डावीकडून, जिथं हॉलची बाजूची भिंत असायला हवी तिकडून, आणि पहिल्यापेक्षा लांबून. मी पुन्हा हाक मारली. या वेळी तो माझ्या लहानपणच्या नावानं काहीतरी बोलला. मधले शब्द पोचले नाहीत, शेवटचे पोचले.

"...कुठल्या बाजूला?"

मी तशीच खाली बघत होते. डोळ्यांपुढं ते दोन तुकडे होते. दहा हजार सात फरश्या आणि हे दोन. दहा हजार नऊ. मी त्याला एका मूळ संख्येच्या एकांतातून काढून तिच्या जुळ्या बहिणीकडे पाठवलं होतं.

विचार करायला थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. एक तुकडा नखांनी उपसून काढला. दहा हजार आठ.

डब्याचं झाकण लागावं तसा सगळा आवाज बंद झाला. मी मान वर केली. हॉल समोर होता, चार कोपऱ्यांचा, उंच खिडक्यांचा. खिडक्यांत संध्याकाळ होती. जमिनीच्या मधोमध खराटा आडवा पडला होता, आणि त्याच्या पलीकडची जागा झाडायची राहिली होती.

मी हाका मारल्या. त्या मागच्या भिंतीवर आपटून सरळ परत आल्या.

७

कंपाउंडरांनी गल्ल्या पालथ्या घातल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. हॉलचं मागचं दार आतून अडसर लावून बंद होतं. मामा पुढच्या दारानं गेला असता तर माझ्या खोलीवरून गेला असता, आणि अनवाणी तो अंगणातही उतरत नसे. आम्ही दोघांनी कंदील घेऊन हॉल कोपरान् कोपरा पाहिला. काहीच नव्हतं. "येईल," कंपाउंडर म्हणत राहिले. "उशिरा का होईना." पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

उरलेली रात्र मी चपलांशेजारी बसून काढली. कंपाउंडर दाराशेजारी जमिनीवर टेकून डुलक्या घेत होते. मी तेवढ्या वेळात खूप कारणं शोधली. माझा आजार, माझी दमणूक, माझं एवढे दिवस एकटीनं आकड्यांशी बोलणं. एकेक कारण नीट होतं. पण त्यातलं एकही त्या चपला घालून चालत येत नव्हतं.

कारणं संपली तेव्हा मी जे पाहिलं तेच मांडलं. दुसरं काही मला येत नाही. कंपाउंडर आणि मी आत गेलो, तेव्हा दोन्ही वेळा तो साधा हॉल होता. पहिल्या वेळी तर फरशी जागेवर नव्हती. आत एकच माणूस असला, तरच ती वाट असते. शोधायला माणसं घेऊन गेले, तर मला फक्त स्वच्छ जमीन सापडणार होती, कायमची.

सकाळी सुतार बाकं घेऊन आला. पाठोपाठ मुलं आली. सातच्या जागी नऊ होती, केस विंचरलेली, नव्या पाट्या छातीशी धरलेली. ज्यानं लादीवरून चेष्टा केली होती तोही आपल्या मुलीला घेऊन आला होता. हॉल सुंदर दिसत होता. उंबऱ्याशी अर्ध्या फरशीएवढा खड्डा होता, तो कुणाच्या लक्षातही आला नसता. अर्धा तुकडा मी नदीत टाकला असता, तर हॉल जन्मभर हॉल राहिला असता, आणि माझी शाळा तिथं भरली असती. त्याच मुलांच्या पायांखाली कुठंतरी मामा विचारत राहिला असता, कुठल्या बाजूला.

मी बाकं कंपाउंडरांच्या अंगणात उतरवून घेतली. मुलांना तिथं बसवलं, पुठ्ठ्याचे चौकोन वाटले आणि सांगितलं की बारा चौकोनांचे जेवढे आयत होतील तेवढे करा. मग कंपाउंडरांना हॉलच्या दाराशी आणून उभं केलं.

"मी येतो आत," ते म्हणाले.

"तुम्ही आलात तर तो सापडणार नाही."

"आणि तू एकटी गेलीस तर?"

"आत तो आहे ना. पोचले की आम्ही दोघं होऊ."

मला ते पटवून देता आलं नसतं. त्याची सिद्धता माझ्याकडे नव्हती. एकदा दिसलेल्या गोष्टीवरून काढलेला तो नुसता अंदाज होता, आणि अशा अंदाजावर मी कुठल्याच विद्यार्थ्याला गुण दिले नसते.

"दार लोटून घ्या," मी म्हटलं, "आणि हाका मारत राहा. थांबू नका. दोघांची नावं घ्या. आम्हाला बाजू कळायला हवी."

अंगणात कुठल्यातरी मुलीनं ओरडून सांगितलं की तिचा सहावा आयत झाला, आणि दुसरी म्हणाली की तो आडवा केलेला जुनाच आहे.

मी माझ्या चपला मामाच्या चपलांशेजारी काढल्या, उंबरा ओलांडला, आणि मुठीतला तुकडा त्याच्या जागी ठेवायला खाली वाकले.